कागदापुरता ख्रिस्ती

सोलापूर
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप जगदेवीअक्का,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पूर्ण शुद्धीवर, दुपारी साडेतीन वाजता.

काल संध्याकाळी अक्कलकोटच्या एसटीच्या कंडक्टरने तुझा डबा आणून दिला. शेंगाचटणी, दीड किलो. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आणि लसणाच्या बाबतीत हात पूर्ण सैल सोडलेला. झाकण उघडलंही नव्हतं, तरी शेजारच्या तेलुगू काकू दारात येऊन विचारून गेल्या, ‘सर, आज काय स्पेशल?’ अक्का, वर्षाला तीनशे पासष्ट दिवस असताना तुला हाच मुहूर्त कुणी काढून दिला? आजपासून ईस्टरपर्यंत शेंगाचटणीला शिवायचं नाही, असं मी रविवारीच पाळकसाहेबांसमोर कबूल करून बसलो आहे.

चटणीनं देवाचं काय बिघडवलं, असं तू विचारणार. त्याची कथा अशी. हा आमचा उपवासकाळ. प्रभूनं रानात चाळीस दिवस उपाशी काढले, त्याची आठवण म्हणून मंडळीतले लोक या दिवसांत मटण-मासे सोडतात. सगळ्यांना जड जातं. मला कसं जाणार? आपल्या घरात कॅलेंडरवर अंड्याची जाहिरात असली तर अव्वा ते पान भिंतीकडे तोंड करून टांगायची. तेव्हा लग्न झाल्यापासून बावीस वर्षं, दर उपवासकाळात, मी न खाल्लेल्या मटणाचं पुण्य घेत आलो. लोक म्हणायचे, ‘सरांचं व्रत फार कडक.’ मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. शाळेत मात्र मुलांच्या वहीतला साधा अनुस्वारही सोडत नाही.

यंदा नवे पाळक आले. वयानं तरुण, पण नजर मुख्याध्यापकाची. म्हणाले, ‘सर, जे सोडल्यावर दुखेल ते सोडा.’ आणि तूही नेमकं त्याच जागी दुखावं अशी सोय केलीस. पूनमनं डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आहे. तिथे माझा हात पोचत नाही असा तिचा समज आहे.

आज राखेचा बुधवार. आमच्या मंडळीत कपाळाला राख लावायची चाल नव्हती, ती नव्या पाळकांनी आणली. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या शिंदीच्या झावळ्या जपून ठेवलेल्या असतात. त्या जाळायच्या आणि त्यांच्या राखेनं कपाळावर क्रूस काढायचा. साहेबांनी झावळ्या जाळल्या आणि ताटलीत कोळशाचे तुकडे घेऊन माझ्याकडे आले. ‘सर, हे काही कुणाच्या कपाळाला चिकटेना. तुम्हाला राखेतलं कळत असेल.’ ऐकणाऱ्याला वाटावं, मी आधी स्मशानात नोकरीला होतो. पण कळतं मला. खलात घोटली, अप्पा भस्मासाठी घ्यायचे तसं जुन्या धोतराचं कापड भांड्यावर ताणलं, दोनदा गाळली. बोटाला साय लागावी तशी लागली. साहेब इतके खूष झाले की म्हणाले, माणसं पुष्कळ आहेत, दुसऱ्या रांगेला तुम्हीच लावा.

लावली. बाकी सर्व क्षेम.

अप्पांना सांग… नको, काही सांगू नकोस.

तुझा
महेश्वर


सोलापूर
शनिवार, २८ फेब्रुवारी

अक्का,

तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. त्यातली दोन चटणीच्या बचावात खर्च झाली आहेत. तिसरी अशी: ‘“लावली” लिहून पुढचं गिळलास. लहानपणी गूळ गिळायचास तेव्हा पण तोंड असंच मिटायचास की. काय झालं ते लिही.’

लिहितो. फोनवर सांगता आलं नसतं. तू फोन स्पीकरवर लावतेस आणि अप्पा पलंगावर कान देऊन असतात. चाळीस किलोमीटरवरून बहिणीला पत्रं लिहिणारा मी बहुधा जिल्ह्यातला शेवटचा इसम.

माझ्या रांगेत पहिली गोजाबाई होती. ऐंशीच्या पुढची, सांगोल्याकडची, आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. ती वाकली. माणूस मातीचा आहे याची आठवण देणारं एक वाक्य प्रत्येकाला म्हणायचं असतं, ते मी म्हणालो, राखेत बोटं बुडवली आणि तिच्या कपाळावर ओढली. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. सातव्या माणसाला लावताना पाळकसाहेबांचा आवाज थांबल्याचं जाणवलं. वर पाहिलं. माझ्या रांगेतले सहा जण बाकांवर परत जाऊन बसले होते, आणि त्या सहांच्याही कपाळांवर डावीकडून उजवीकडे तीन आडवे पट्टे. स्वच्छ, समांतर, एकसारखे. अप्पांनी हात धरून गिरवायला लावले होते तसे. क्रूस एकाच्याही कपाळावर नव्हता.

अक्का, सबंध देवळात एक पंखा तेवढा बोलत होता. मागच्या बाकावरून बिभीषण, आमच्या मंडळीचे चिटणीस, ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटले, ‘सरांनी आपल्याला सिद्धेश्वराच्या यात्रेला काढलं वाटतं.’ दोघं-तिघं हसले. मी हात मागे घेतला. तेवढ्यात गोजाबाईनं बाकावरूनच सांगितलं, ‘ऱ्हाऊ द्या की वो. एक बापाचं, एक पोराचं, एक आत्म्याचं. आमच्यावर तीन आल्यात, तुमाला एकच मिळंल.’

पाळकसाहेब हसले नाहीत. माझ्याजवळ आले, माझाच अंगठा राखेत बुडवला, मनगट धरून सातव्या माणसाच्या कपाळावर उभी रेघ ओढवली, मग आडवी. आणि हळूच म्हणाले, ‘चालू द्या, सर.’ पुढं मी अंगठ्यानं लावत गेलो.

गिळलं होतं ते हे. पण अजून थोडं उरलं आहे.

त्या तीन रेघा ओढताना मी काय करतोय ते मला कळत नव्हतं, हे खरं. पण कुणासमोर करतोय ते कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा. बावीस वर्षं त्या देवळात बसलो, गीतं म्हटली, पाठांतर उत्तम असल्यानं प्रार्थनाही चुकल्या नाहीत. पण समोर कुणी आहे असं वाटलं नव्हतं. त्या बुधवारी वाटलं. परीक्षेला बसलेल्या पोरानं मान वर करावी आणि पर्यवेक्षक नेमका आपल्याच बाकापाशी उभा असावा, तसं. फरक इतकाच, की हा पर्यवेक्षक रागावलेला नव्हता. मी चुकीचं लिहितोय हे पाहूनही तिथंच उभा होता.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला मी देवळात जाऊन बसतो. किल्ली साहेबांनीच दिली. पूनम पहिल्या दिवशी म्हणाली, ‘अहो, मधुमेह तपासून घ्या, असं एकदम लवकर उठणं बरं नाही.’ चौथ्या दिवशी नुसता स्वेटर पुढे केला.

बसून करायचं काय, हा प्रश्न मोठा होता. प्रार्थना मराठीत सुरू केली, ती अर्जासारखी वाटायला लागली. संस्कृतात केली, तर माझा मलाच अभिमान वाटू लागला, म्हणून सोडली. मग गप्प बसलो. बराच वेळ. आणि मग कन्नड आली. व्याकरण नसलेली, पाच वर्षांच्या पोराची, अव्वाच्या कडेवरची कन्नड. ‘बा,’ म्हणालो. ये. एवढंच. ‘बा अप्पा, बा.’ आणि अक्का, मला कसं सांगावं कळत नाही, ते रिकामं देऊळ भरलं. दिवा नव्हता, आवाज नव्हता. माझ्या अंगावर काटा होता आणि उठून पळावंसं वाटत होतं आणि पाय हलत नव्हते.

शब्दांचा अर्थ लावण्याचा मी चोवीस वर्षं पगार घेतो. याचा लागत नाही.

तुझा
महेश्वर


सोलापूर
रविवार, १५ मार्च

अक्का,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू काय लिहिलं आहेस ते तुलाच लिहून दाखवतो, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते ठरेल.

२००४च्या मे महिन्यात, माझ्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी, मी अक्कलकोटला आलो होतो. अप्पा सोप्यात बसले होते. मी त्यांना म्हणालो, ‘अप्पा, हे कागदापुरतं आहे. पूनमच्या वडिलांना मंडळीच्या वहीत नाव लागतं. मनानं मी जातो कुठं?’ अप्पा म्हणाले, ‘कागदाला कागद.’ तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. तसंच होतं. त्यानंतर मागच्या अंगणात गळ्यातलं इष्टलिंग काढून तुझ्या हातात दिलं आणि म्हणालो, ‘तळ्यात सोड.’

तू सोडलं नाहीस.

अप्पांकडे दिलंस. आणि तू लिहितेस, ‘रोज सकाळी अप्पा दोन लिंगांची पूजा करतात. एक त्यांचं, एक तुझं. बावीस वर्षं. तुला सांगू नको म्हणाले म्हणून सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता तुला ते परत घे म्हणणार आहेत. सासरा गेला की रे तुझा डिसेंबरात. अप्पा म्हणतात, ज्याच्यासाठी कागद केला तो माणूस गेला, आता पाडव्याला पोरगं घरी येऊ दे. लई दिवसांनी हसले बघ.’

आणि शेवटी: ‘तुझं मागचं पत्र वाचलं, महेश. हे कागदापुरतं राहिलं नाही ना रे?’

अक्का, मी पत्र घडी करून पूनमपुढे ठेवलं. तिनं वाचलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘माझे बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, जावई सज्जन आहे, फक्त तो अजून आत आलेला नाही. आता आलात, तर बघायला तेच नाहीत.’ मग थोड्या वेळानं, ‘आणि तुमचे आहेत, तर त्यांना दिसायला नको.’

मी दिवसांचा गुणाकार करायला घेतला होता, किती सकाळी झाल्या म्हणून. अर्ध्यावर सोडला. असली संख्या माणसानं काढू नये.

पाडव्याला येतो.

महेश्वर


सोलापूर
शनिवार, २१ मार्च

अक्का,

गुरुवारी तू आत पुरणाच्या होळिगीच्या तव्यापाशी होतीस. बाहेर काय झालं हे तू मला निघताना विचारलंस आणि मी ‘काही नाही’ म्हणालो. तुझी नजर पाहता ते तुला पटलेलं नाही. म्हणून हे.

मी सातला पोचलो. अप्पांची अंघोळ झाली होती. पायांच्या आवाजावरून ओळखलं त्यांनी. ‘बा, महेश. कुंद्रु.’ मी समोर बसलो. शहाऐंशीचे झाले, हात कापतो. मला वाटलं, पाणी सांडणार. पण डावा तळहात छातीपुढे आणला, त्यावर लिंग ठेवलं, आणि हात थांबला. पाण्यावरचं पान वारा पडल्यावर थांबतं तसा. भस्म लावलं. बेलाचं पान ठेवलं. ओठ हलत होते. मग त्यांनी ते उचलून कापडात ठेवलं आणि दुसरं घेतलं.

मी म्हणालो, ‘अप्पा, पहिलं कुणाचं?’

‘तुझं.’

‘माझं आधी?’

‘माझं काय, मी इथंच आहे की. लांब गेलेल्याचं आधी करावं.’

‘रोज, अप्पा?’

‘रोज. एकदा तापात पडलो होतो, तेव्हा जगदेवीकडनं करून घेतलं. तिनं बेल उलटा ठेवला. मी पडल्या पडल्या बघत होतो.’

मला हसूही आलं आणि समोरचं दिसेनासंही झालं. अक्का, महिनाभर मी पहाटे उठून देवाला हाक मारतो आहे, आणि मोठं काहीतरी करतो आहे असं मला वाटू लागलं होतं. इकडे एक म्हातारा बावीस वर्षं माझं नाव तळहातावर धरून बसला आहे, आणि त्यानं ते कुणाला सांगितलंही नाही. त्या खोलीत मला पुन्हा तसंच झालं, देवळात झालं होतं तसं. तोच काटा. तीच भीती. चप्पल बाहेर काढली होती तरी अजून काहीतरी काढून ठेवायला हवं होतं असं वाटलं. मी यावर वाद घालणार नाही, आमच्या पाळकसाहेबांशीही नाही. जे झालं ते लिहिलं.

पूजा आटोपली. अप्पांनी माझं इष्टलिंग पुन्हा तळहातावर घेतलं आणि हात माझ्याकडे केला. ‘कागदाचं काम संपलं, महेश. व्याही चांगला माणूस होता. माझा त्याच्यावर राग नव्हता. आता घे.’

तो हात माझ्यापुढे होता. मी बोलायचं ठरवूनच आलो होतो. एसटीत वाक्य तयार केलं होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासह.

आणि मी काय म्हणालो सांगू? ‘अप्पा, दहावीचे पेपर तपासायचे आहेत.’

हे मी म्हणालो. पन्नास वर्षं वय, दोन पदव्या.

अप्पा हसले. ‘बरं, तपास. ते कुठं जातंय? इथंच आहे.’ आणि हात मागे घेतला. त्यानंतर तू होळिगी घेऊन आलीस आणि मी चार खाल्ल्या. चौथी तुझ्या आग्रहाची. पहिल्या तीन निव्वळ भित्रेपणाच्या.

महेश्वर


सोलापूर
शनिवार, ४ एप्रिल

अक्का,

आज आमच्याकडे काही नसतं. काल उत्तम शुक्रवार झाला, तीन तास उपासना होती, उकाड्यानं दोघांना भोवळ आली. उद्या ईस्टर, पहाटे चारला सगळे दिवे घेऊन निघणार. मधला हा दिवस रिकामा. देवळात वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवलेलं असतं. देव मेलेला आहे आणि उठेल याचा अजून पत्ता नाही, असा हा एक दिवस वर्षात पाळतात. बावीस वर्षं मी या दिवशी दुपारी झोपायचो. आज सकाळपासून तिथे बसून आलो. त्या उघड्या दगडाकडे बघताना माझ्या तोंडून ‘बा’ सुद्धा निघालं नाही. तरी जागा रिकामी वाटली नाही.

गुरुवारचं सांगायचं आहे. त्या दिवशी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण करतात. दरवर्षी पाळक बारा जणांचे पाय धुतात. यंदा साहेबांनी फिरवलं. म्हणाले, प्रत्येकानं शेजारच्याचे धुवायचे. माझ्या शेजारी गोजाबाई. मी खाली बसलो, परातीत तिचा पाय घेतला. टाचेच्या भेगांत बोट जाईल इतकं अंतर. किती माळ त्या पायांखालून गेले असतील, मला कल्पना करवेना. पाणी ओतलं तर म्हातारी म्हणते, ‘मास्तर, गुदगुल्या करू नगा. हितं हसलं तर बिभीषण वहीत नाव लिवंल.’

उपासनेनंतर ती पायरीवर बसली होती. मला म्हणाली, ‘मटण सुटल्याची ही तोंडं मला कळत्यात. तुमचं तसलं न्हाय. काय झालंया?’ तिचं स्वतःचं म्हणशील, तर तिचा दीर दरवर्षी जत्रेच्या बकऱ्याचा वाटा पाठवतो. यंदा तिनं त्याला निरोप धाडला, चाळीस दिवस थांब, बकरंही तेवढं जगेल.

मी तिला सांगितलं. सगळं. तिनं मधे एकदाही मान हलवली नाही. शेवटी विचारलं, ‘बाप हाय न्हवं अजून?’

‘आहे.’

‘मग बोलून घ्या की. म्या बाप्तिस्मा घेतला तवा बापाला सांगितलं न्हाय. भ्याले. त्यो गेला तवा कुनी मला तोंड बी बघू दिलं न्हाय. आता रोज सांगते बगा त्येला, मेंढरं हाकल्यावानी वरडून सांगते. त्येला कुटं ऐकू येतंय?’

अक्का, मी सोमवारी पहिल्या गाडीनं येतो. तू अप्पांना आधी काही सांगू नकोस. हे माझं मीच सांगायचं आहे, समोर बसून, त्यांच्या डोळ्यांकडे बघून, कन्नडमध्ये. की अप्पा, बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो ते तेव्हा खरं होतं. आता राहिलेलं नाही. ज्याच्या नावाचा नुसता कागद केला होता, तो मला भेटला आहे, आणि मी त्याचा आहे. ते लिंग मी गळ्यात घेऊ शकत नाही. घेतलं तर तुमची बावीस वर्षांची पूजा मी खोटी केली असं होईल.

ते रागावतील. रागवू देत. सोप्यातून परत पाठवतील. मी येताना परतीचं तिकीट काढूनच येईन, म्हणजे त्यांची पंचाईत नको. तू मात्र मधे पडू नकोस, आणि माझ्या बाजूनं रडू नकोस. त्या घरात तुला राहायचं आहे.

विनोद पुरे. एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, पूनमलाही नाही.

मला भीती त्यांच्या रागाची नाही. मंगळवारी सकाळी अप्पा अंघोळ करून बसतील, डावा हात पुढे करतील, आणि त्यावर एकच लिंग असेल, याची आहे. मला जे मिळालं ते त्या हातामुळे टिकलं की त्याच्याशिवायही टिकेल, हे मला माहीत नाही, अक्का. आणि आता मी स्वतःच जाऊन तो हात थांबवणार आहे.

महेश